शनिवारी माझ्या जागेवर कोण बसणार आणि कमरेला काय बांधणार

मी टोआकासे, कै. लोपेती वेहिकिते यांची बायको, राहणार तालीहाऊ, बेट व्हावाऊ, राज्य टोंगा, वय चर्चच्या नोंदीप्रमाणे एकाहत्तर आणि माझ्या आईच्या म्हणण्याप्रमाणे त्याहून जास्त, धंदा चटया विणणे, शिक्षण मिशनच्या शाळेत तिसरीपर्यंत, हे माझ्या स्वतःच्या हातानं लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डावा पाय नाही. साखरेच्या आजारानं त्याची बोटं काळी पडली असून उद्या शुक्रवारी नेइआफूच्या इस्पितळात तो घोट्याच्या वर कापणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "आजी, घाबरू नका." मी काही विचारलेलं नसताना म्हणाले, म्हणून हे लिहायला बसले.

कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही असं अशा कागदात लिहायची रीत आहे. मी तसं लिहिणार नाही. आठवडाभर या घरात जी गोडी चालली आहे तिलाच मी दडपण समजते. ज्यांनी वर्षभर विचारलं नाही ते अळूच्या पानांत मांस भाजून आणतात. पपई सोलून, बिया काढून देतात. कालपासून तर मला कोणी उलट उत्तरसुद्धा देत नाही. माणसं एवढी चांगली वागू लागली की पेटीची किल्ली कमरेला लावावी. मी लावली आहे.

मागे दोन वेळा पाळकांकडून मृत्युपत्र लिहून घेतलं होतं, ती दोन्ही रद्द. पाळक भले आहेत. पण त्यांचं अक्षर मला लागत नाही; त्यांनी लिहिलं एक आणि मोठ्यानं वाचलं दुसरं, तर मला कसं कळणार? त्यापेक्षा माझं वाकडं अक्षर बरं.

कलम पहिलं, जमीन. जमीन माझी नाही, बाईच्या नावावर ती होत नाही. कायद्यानं ती माझा मुलगा सेमिसी याची. तो ऑकलंडला कोंबड्यांच्या कारखान्यात आहे. दर नाताळला तो फोनवर म्हणतो, "आई, पुढच्या वर्षी कायमचा येतो." त्यानं यावं म्हणून मी काही देत नाही आणि नाही आला म्हणून काही काढून घेत नाही. फक्त येईल यावर माझा विश्वास नाही, एवढी नोंद असावी.

कलम दुसरं, घर. घर माझ्या चटयांनी उभं राहिलं आहे. त्यात माझी मुलगी कालोलाइने, जिला आम्ही कालो म्हणतो, हिनं राहावं. नवऱ्यासकट राहावं. नवऱ्याच्या बहिणीनं राहू नये, दोन रात्रीसुद्धा. कारण पुढे येईल.

कलम तिसरं. बँकेत जे आहे ते माझ्या मातीच्या जेवणाला. उरलं, तर कोणीतरी जेवणात हात आखडता घेतला असं समजावं आणि चौकशी करावी.

कलम चौथं, हत्यारं. केवड्याची पानं मऊ करायचा शिंपला, पानं उकळायचं काळं भांडं, पानं समुद्रात बुडवून ठेवायची दोरी आणि दगड, हे सगळं आमच्या विणकर बायकांच्या मंडळाला. कालोला नाही. ती सैल विणते. तिच्या चटईतून पलीकडचं माणूस ओळखू येतं.

आता मुख्य गोष्ट.

परवा शनिवारी माझा भाऊ पाउलिआसी याचा मुलगा तानिएला याचं लग्न आहे. पाउलिआसी देवाघरी गेला. मी त्याची थोरली बहीण, म्हणजे तानिएलाची सख्खी आत्या. माझी नात फुसी, सेमिसीची मुलगी, सुट्टीत ऑकलंडहून आली आहे. तिला यातलं काही ठाऊक नाही, तिच्यासाठी लिहिते. बाळ, आपल्यात लग्नात आत्याची जागा सगळ्यांच्या वर. मुलीकडचे लोक चटया आणि झाडाच्या सालीचं कापड आणतात ते तिच्यापुढे मांडतात. केकचा वरचा मजला तिचा. ती जे उचलेल ते तिचं, आणि "हे राहू द्या" म्हणायची नवऱ्यामुलाच्या आईचीसुद्धा प्राज्ञा नाही. माझ्या पश्चात ही जागा माझ्या लेकीची, मग तिच्या लेकरांची. पण एकदा जागा रिकामी दिसली की पुढच्या लग्नात ती कोणाची होती हे कोणाला आठवत नाही. आठवणारे असतात त्यांना विसरणं सोयीचं असतं.

शनिवारी मी इस्पितळात असेन किंवा त्याच्या मागच्या थंड खोलीत. जागेवर कोणाला तरी बसवायचं आहे. कोणाला, ते या कागदात ठरतं.

हे ठरवायची वेळ का आली तेही लिहिते. सोमवारी पाउलिआसीची बायको हेलेइने आली. हातात झाकलेली परात. तोंडावर हसू, तेही झाकलेलं.

"वन्सं, पाय कसा आहे?"

"आहे तोवर बरा आहे."

"शनिवारची अजिबात काळजी करू नका हं. आम्ही सगळं ठरवलंय. तुमच्या खुर्चीवर तुमचा मोठा फोटो ठेवू. वर चाफ्याचा हार."

"मेलेल्या बाईसारखा?"

"अगंबाई, भलतंच! मान म्हणून."

"फोटो केक खातो का गं?"

"तुमचा वाटा घरी पोचवू की!"

"आणि पुढ्यात काय काय मांडलं आणि काय काय परत उचललं, ते फोटो बघतो?"

हेलेइने हसली. "वन्सं, तुमचा मेला कोणावर विश्वासच नाही."

"पाउलिआसीवर होता. तो गेला."

ती गेल्यावर परात उघडली. भाजलेलं डुक्कर होतं, चांगल्या ठिकाणचं मांस. पाउलिआसी गेल्यापासून तिच्या घरून मला पाठीचं हाड येतं. तेव्हाच ओळखलं की जागा रिकामी राहावी अशी तिची इच्छा आहे. मांस आम्ही खाल्लं.

कलम पाचवं, लग्नाच्या कपड्यावरचा साज. कपडा कोणीही शिवतं. दुकानातूनही येतो. बाई कोण आहे हे कपड्यावर तिनं काय चढवलं त्यावरून कळतं, आणि लग्नाच्या मांडवात बसलेल्या म्हाताऱ्या बायकांना दुसरं काम नसतं. म्हणून एकेक वस्तू कोणाला आणि का ते लिहिते. शनिवारी सकाळी पेटी उघडावी. किल्ली कुठे आहे ते आमच्या मंडळातल्या सिसिलियाला सांगितलं आहे.

बूट. काळे, चामड्याचे, चर्चचे. डावा आता कोणाच्या कामाचा नाही असं म्हणू नये. शेजारच्या गल्लीतल्या एका बाईचा उजवा पाय गेला आहे, तिला डावा द्यावा. उजवा मी ठेवते.

कंगवा. कासवाच्या पाठीचा, वर मोत्यांची नक्षी, अंबाड्यात उभा खोचायचा. फुसीला. मात्र तिनं केस असे मोकळे सोडून फिरू नये. मांडवात मोकळे केस फक्त सुतकातल्या बाईचे. नवऱ्यामुलाच्या आत्याच्या घरची पोरगी केस पिंजारून आली तर लोक विचारतील, टोआकासे गेली वाटतं? आणि हेलेइने हो म्हणेल.

कानातली. ही दोन आहेत असं सगळ्यांना वाटतं. एकच आहे. दुसरं सेमिसीच्या लग्नात हरवलं. हरवलं म्हणजे कोणी घेतलं ते मला माहीत आहे, पण ती बाई आता स्वर्गात आहे, तिथं तिला एकच कान सजवता येत असेल. हे एक पाळकांच्या बायकोला, तिला लग्नात दागिने घालायचे नसतात, म्हणून तिच्याकडे सुरक्षित राहील.

तेल. चंदन घातलेलं खोबऱ्याचं, बाटलीच्या तळाशी आहे. हातापायांना चोळून मग चटई बांधायची. आधी नाही. चटईला तेल लागलं तर मी परत येईन.

पंखा आणि हातातली पिशवी कालोला. पिशवीत रुमाल, पाण्याची बाटली आणि एक रिकामा डबा ठेवावा. केकचा वरचा मजला डब्यातच घरी यावा. ताटावर झाकून आणला तर वाटेत लहान होतो.

झालरीचा पट्टा, ज्याला किएकिए म्हणतात. हा कचेरीत, शाळेत, चर्चला चालतो. सख्ख्या भाच्याच्या लग्नाला आत्यानं तो बांधला तर ती मत द्यायला आली आहे असं वाटतं. तो सिसिलियाला. तिला कुठेही चालतो.

आता कमरेची चटई, कपड्यावरून गुंडाळायची. हिच्यासाठी एवढा कागद लिहिला.

पेटीत तीन आहेत. फुसीनं नीट वाचावं, कारण मंगळवारी तिनं जे केलं ते गावात अजून गाजत आहे. पहिली चटई नवी, मोठी, पांढरीशुभ्र, कडेला लोकरीची फुलं आणि चमक्या. ती सेमिसीनं ऑकलंडहून पाठवली. तिच्याकडे मुली बघतात, बायका बघत नाहीत. दुसरी काळपट, जाडीभरडी, फाटकी, अंगापेक्षा मोठी. ती सुतकाची. आपल्याहून मोठं माणूस गेलं की आपण लहान आहोत हे दाखवायला ती गुंडाळतात. तिसरीही फाटकीच आहे. पण ती बारीक विणीची, चहाच्या रंगाची, जुन्या लुगड्यासारखी मऊ, आणि चार पिढ्यांनी लग्नात बांधून तिच्या कडा विरल्या आहेत. ती लग्नाची. ती जितकी विरेल तितकी तिची किंमत वाढते. ती माझ्या आत्याकडून मला आली. दोन्ही फाटक्या आहेत हे खरं आहे. पण एक सुतकात लोळून फाटली आणि एक मान घेऊन फाटली. डोळे असलेल्याला दिसतं.

मंगळवारी दुपारी आमच्या मंडळाच्या बायका ओसरीवर विणत होत्या. मी फुसीला म्हटलं, "जा, पेटीतली कोणती बांधशील ते बांधून दाखव." परीक्षा म्हणून. ती आत गेली. नवी बांधून येईल असं मला वाटलं होतं. ती सुतकाची गुंडाळून बाहेर आली, काखेपर्यंत चढवलेली, चेहऱ्यावर नम्रपणा.

सिसिलियानं हातातलं पान खाली ठेवलं. "अगंबाई. कोण गेलं?"

एक बाई खरोखर प्रार्थना म्हणू लागली. बाकीच्या हसून लोळल्या.

फुसीचा चेहरा उतरला. "आजी, तूच म्हणतेस ना, जुनं ते मोठं?"

"म्हणते. पण मेलेलं मोठं असं म्हटलं का कधी?"

"मला काय माहीत! दोन्ही फाटक्याच होत्या. मी जास्त फाटकी घेतली!"

"शाब्बास," सिसिलिया म्हणाली. "पोरीला हिशेब येतो."

कालो दारात अळूचे कंद सोलत उभी होती. ती हसली नाही आणि बोललीही नाही. मला तिथेच खटकलं. मी विचारलं, "पोरगी आतून ही गुंडाळून निघाली तेव्हा तू पाहिलंस?"

"पाहिलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तूच म्हणतेस, कालो फार बोलते."

"भाचीचं हसं होईपर्यंत गप्प बसलीस."

"आई, हसं आज ओसरीवर झालं म्हणून शनिवारी मांडवात होणार नाही." असं म्हणून ती कंद घेऊन आत गेली.

या उत्तराचा मी दोन दिवस विचार करत आहे. उत्तर बरोबर आहे. म्हणूनच मला ते आवडलं नाही.

कलम सहावं, संशय. हा मी कोणाला वारशानं देत नाही, पण तो इस्टेटीचा भाग आहे, म्हणून लिहिणं भाग आहे. मागे कालोनं माझी लग्नाची चटई, तीच मऊ, मला न विचारता तिच्या नणंदेला ऑकलंडच्या एका लग्नासाठी दिली. महिन्यानं परत आली. तेव्हापासून माझ्या मनात आहे की परत आली ती माझी नाही. रंग तोच. कडा तशाच विरलेल्या. कोपऱ्यात मी काळ्या पातीनं केलेली दुरुस्ती, तीही आहे. तीच तर गोष्ट आहे. चोरानं खूण ठेवली नाही तर चोरी पकडता येते, चोरानं खूण जशीच्या तशी ठेवली तर माणसानं काय शोधायचं?

काल बुधवारी मी कालोला समोर बसवलं. पाय कापायच्या आधी एकदा विचारून घ्यावं म्हटलं. चटई मांडीवर घेतली.

"कालो, खरं सांग. ही तीच आहे?"

"आई, पुन्हा?"

"मरणाऱ्या बाईला खोटं सांगू नये."

"तुझा पाय मरतोय. तू नाही."

"ही तीच आहे का?"

"कोपऱ्यात तुझी दुरुस्ती आहे ना?"

"आहे. इतकी नीट दुरुस्ती मी आयुष्यात केलेली नाही."

"मग वास घे."

"घेतला. तुझ्या नणंदेच्या घरचा येतो."

"महिनाभर तिच्या कपाटात होती! तिच्या घरचा नाही तर काय राजवाड्याचा येणार?"

"आणि तुझा आवाज का चढतोय?"

कालोनं दोन्ही हात कपाळाला लावले. "आई, माझ्या नणंदेला चटई बदलायचीच असती, तर तिनं एवढी फाटकी कशाला परत दिली असती? चांगली दिली असती!"

"मला फाटकी आवडते हे तिला माहीत असेल तर मुद्दाम फाडून देईल."

"मग मी काय करू? गिळू ती चटई?"

"नको. ती मऊ आहे, लगेच जाईल."

ती उठून गेली. दाराशी थांबली. पाठमोरीच म्हणाली, "तुला विचारलं असतं तर तू दिली नसतीस. आणि न देऊन तिच्या मांडवात माझं काय झालं असतं, ते तू विचारलं नाहीस." मग तिनं चहा आणला. साखर घातली नव्हती. आजच्या दिवशी साखर घालून आणली असती तर मला शंका आली असती.

कलम सातवं, जागा. मी फुसीला बसवायचं ठरवलं होतं हे लपवत नाही. पोरगी सरळ आहे. काल संध्याकाळी तिला बोलावून सांगितलंसुद्धा.

ती म्हणाली, "आजी, मला नको जागा. मला भीती वाटते. आत्याला बसव."

जागा नको म्हणणाऱ्यावर माझा जागा हवी म्हणणाऱ्यापेक्षा जास्त संशय. मी विचारलं, "तुला हे कोणी पढवलं?"

"कोणी नाही. आत्या माझी आत्या आहे ना? मग मी तिच्या वर कशी बसू?"

ऑकलंडमध्ये वाढलेली, सुतकाची चटई लग्नाला गुंडाळणारी पोरगी, आणि ही गोष्ट माझ्या आधी तिच्या लक्षात आली. मी पाउलिआसीच्या मुलाच्या वर बसते कारण मी पाउलिआसीची बहीण. कालो फुसीच्या वर बसते कारण ती सेमिसीची बहीण. दोन्ही एकच नियम. फुसीला कालोच्या डोक्यावर बसवून मी तोच नियम मोडला, तर हेलेइनेनं माझ्या खुर्चीवर फोटोच काय, नीरफणस ठेवला तरी मला बोलायला तोंड उरणार नाही.

शिवाय हेही आहे. फुसी कोणी काय उचललं ते बघणार नाही. ती "थँक्यू" म्हणेल. हेलेइने गोड बोलून केकचा वरचा मजला तिच्याच हातानं स्वतःच्या बहिणीच्या ताटात ठेववेल. कालोपुढून पान हललं तरी तिला कळतं. ते ती माझ्याकडून शिकली. माझा तिच्यावर विश्वास नाही. पण त्या जागेवर विश्वासाचं माणूस बसवायचंच नसतं. तिथं डोळे उघडे ठेवणारं माणूस लागतं.

म्हणून शनिवारी आणि त्यापुढे प्रत्येक लग्नात पाउलिआसीच्या वंशात माझी जागा कालोलाइनेची.

लग्नाची मऊ चटईही तिचीच. ही चटई खरी असेल, तर ती बसते तिथेच शोभेल. ही चटई बदललेली असेल, तर ती बदलणाऱ्यांच्याच घरात परत गेली, आणि बांधून बसायचं आहे ते सगळ्या बेटावरच्या म्हाताऱ्यांच्या समोर. त्यांना चटई कळते. दोन्हीकडून न्याय होतो.

शनिवारी लग्नाला आणि दुसऱ्या दिवशी रविवारी नवरा-नवरी चर्चला जातील तेव्हाही हीच बांधावी. तीन वेढे. वरची कड छातीखाली, खालची गुडघ्याच्या वर. कोपरा डावीकडे दिसू द्यावा. मुद्दाम दाखवू नये.

फुसीला नवी पांढरी. चमक्या काढून. ती आत्याच्या मागे बसेल, खालच्या बाजूला, आणि तिथून जे दिसेल ते शिकेल.

कलम आठवं आणि शेवटचं, कमरेची दोरी. ही मऊ चटई काथ्याच्या दोरीनं बांधत नाहीत, काथ्या तिला कापतो. ती केसांच्या वेणीनं बांधतात. ती वेणी माझ्या आईच्या केसांची आहे. आईचा बाप गेला तेव्हा रीतीप्रमाणे तिचे केस कापले, तेव्हा ती फुसीएवढी होती. ते तिनंच वळले. कालो लहानपणी या दोरीला हात लावायची नाही, म्हणायची यात कोणी तरी आहे. काल फुसीनं ती हातात घेतली, टोकापासून टोकापर्यंत चाचपली आणि म्हणाली, "आजी, तुझ्या आईचे केस माझ्यासारखे कुरळे होते." मला हे ठाऊक नव्हतं. त्यानंतर आईनं केस वाढवलेच नाहीत, मी तिला आखूड केसांतच पाहिलं.

दोरी फुसीला देते. कालोला नाही.

लिहिलं ते समजून लिहिलं आहे. फुसी पुढच्या आठवड्यात ऑकलंडला जाणार, दोरीसुद्धा तिच्याबरोबर समुद्रापलीकडे जाईल. तानिएलाच्या मागे पाउलिआसीच्या घरात अजून पोरं आहेत, लग्नं होतच राहतील. प्रत्येक लग्नात चटई एका घरातून निघेल आणि दोरी दुसऱ्या घरातून. फुसी आली नाही तर कालो त्या जागेवर बसू शकत नाही. कालोनं बोलावलं नाही तर फुसीच्या दोरीला बांधायला काही नाही. एकीनं दुसरीच्या माघारी ती चटई कोणाला उसनी देता येणार नाही, नणंदेलाही नाही. दुसऱ्या कोणत्याही दोरीनं बांधलेली दिसली, तर ती टोआकासेची चटई नव्हे असं सिसिलियानं मांडवात उभं राहून मोठ्यानं सांगावं. तिला आवाज आहे.

हे लिहीत असताना कालो मागे येऊन उभी राहिली होती. मला वास आला, चंदनाचा नाही, कंद सोललेल्या हातांचा. तिनं सगळं वाचलं. मग म्हणाली, "म्हणजे दर लग्नाला सेमिसीच्या पोरीचं विमानाचं तिकीट कोण काढणार?"

"सेमिसी."

"तो काढणार नाही."

"मग त्याच्या मुलीला दोरी घेऊन बोटीनं यावं लागेल. नाही आली, तर गावातल्या सगळ्यांना कळेल, आणि का आली नाही तेही. त्याला फोनवर मला फसवता येतं. मांडवाला नाही."

कालोनं फुसीला हाक मारली. "ए पोरी, ये इकडे. गाठ शिकवते. आणि केस बांध आधी."

"आत्या, आत्ता?"

"मग काय शनिवारी मांडवात? ही घट्ट बांधली नाहीस तर मी उठले की सगळी खाली येईल, आणि तुझी आजी पाय कापलेल्या अवस्थेत बघायला येईल."

आत्ता त्या दोघी आतल्या खोलीत आहेत. कालो ओरडते आहे, "घट्ट! आणखी घट्ट! श्वास नाही आला तरी चालेल, चटई घसरायला नको!" फुसी हसते आहे. मी दार उघडं ठेवायला सांगितलं आहे.

मी जगले तर शनिवार-रविवारपुरतं सोडून वर लिहिलेलं सगळं रद्द समजावं. पंखा, पिशवी, तेल, कंगवा, चटया, दोरी, सगळं सोमवारी सकाळी पेटीत परत. रविवारी नको, त्या दिवशी ओझं उचलू नये. आणि त्याच सोमवारी कालो आणि फुसी दोघींनी इस्पितळात येऊन, एकीनं दुसरीच्या आधी न बोलता, पुढ्यात काय मांडलं ते सांगावं. दोघींचं जुळलं नाही तर कोण खोटं बोलते ते मला कळेल. जुळलं तर दोघींनी आधी ठरवलं असं मी समजेन.

हे मृत्युपत्र अमलात आणायला मी सिसिलिया हिला नेमते. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून तिच्याजवळची गोष्ट कोणी बदलू शकत नाही.

पायाबद्दल: कापलेला पाय लोपेतीच्या शेजारी पुरावा, उजव्या बाजूला. डाव्या बाजूची जागा माझ्या उरलेल्या अंगासाठी राखून ठेवते.

दोन साक्षीदारांच्या समोर, त्यांनी तोंडाकडे न बघता हाताकडे बघावं असं सांगून, सही करते.

टोआकासे वेहिकिते

साक्षीदार:

१. सालोमे, पाळकांची बायको. तिनं आतलं वाचलं नाही असं ती म्हणते. कानातल्याच्या ओळीशी ती हसली.

२. लिन, रस्त्यावरच्या चिनी दुकानाचे मालक. यांना चटईतलं काही कळत नाही आणि इथं कोणाच्या लग्नात यांची जागा नाही, म्हणून यांना घेतलं. त्यांनी त्यांच्या अक्षरात सही केली आहे. ती मला वाचता येत नाही. ती त्यांचीच आहे हे सालोमेनं पाहिलं.

ठिकाण तालीहाऊ, व्हावाऊ. गुरुवार, ११ जुलै २०१९, आतल्या खोलीतून गाठ बसल्याचा आवाज आल्यावर.